आयत्या वेळी मीठ

मराठी माणूस जन्मतःच समीक्षक असतो. नाटकाचा पहिला अंक संपला की चहाच्या रांगेतच तो त्याचा निकाल लावून टाकतो. शेजाऱ्याच्या भिंतीचा गिलावा बघून कंत्राटदाराची लायकी सांगतो. आणि लग्नाच्या पंगतीतून उठताना तर त्याच्यातला समीक्षक अगदी रंगात आलेला असतो. मठ्ठा पातळ होता, मसालेभातात काजू शोधावे लागले, पुऱ्या गार होत्या, जिलबी मात्र बरी होती. सगळ्यांचा हिशेब होतो. पण गेल्या पंचवीस वर्षांत मी ज्या काही पंगती झोडल्या, त्यांत हात धुताना "कोशिंबीर काय जमली होती हो!" असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. बरं, वाईट होती असंही कुणी म्हणत नाही. कोशिंबिरीला आपल्याकडे निंदेचासुद्धा मान नाही.

याचं कारण तिच्या जागेत आहे. आपल्या पानाला डावं-उजवं असतं. उजवीकडे भाज्या, आमटी, म्हणजे कर्तबगार मंडळी. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड आणि मग डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं असा आश्रितांचा कारभार. आम्हा कॉमर्सवाल्यांना कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की डावी बाजू नावेची आणि उजवी जमेची. तेव्हा कोशिंबिरीच्या नावावर आधीच काहीतरी मांडून ठेवलेलं आहे, असं समजायला हरकत नाही. तिच्यातही काकडीला थोडी प्रतिष्ठा आहे, कारण ती उपासाला चालते. गाजराला रंगरूप आहे. टोमॅटो कुठेही खपतो. उरला कोबी. कोबीच्या कोशिंबिरीची समीक्षा मराठीत कुणी केली असेल तर ती माझ्या वाचनात नाही. तेव्हा ते काम मी करतो आहे. माझी पात्रता एवढीच की मी रोज जेवतो.

आधी नावाचा वाद मिटवू. कोबी बारीक चिरून, वरून फोडणी देऊन, लिंबू पिळून जे होतं त्याला काही घरांत 'पचडी' म्हणतात आणि त्यात दाण्याचं कूट किंवा दही आलं की 'कोशिंबीर'. काही घरांत नेमकं उलट म्हणतात. एका घरची मुलगी दुसऱ्या घरात गेली की पहिल्या आठवड्यात यावरून चकमक होते आणि नंतर सगळं त्याच पातेल्यात कालवलं जातं. मी दोन्हींना कोशिंबीरच म्हणणार आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी वाचताना तिथे तिथे पचडी वाचावं.

ही आपली अगदी घरची, आजीच्या हातची, परंपरेची कोशिंबीर. आता तिची वंशावळ काढून बघा. कोबी हा मूळचा युरोपातला. 'कोबी' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'कूव्ह' या शब्दावरून आला, असं मानतात. म्हणजे पाव आणि बटाट्याच्याच गलबतातून. हिरवी मिरची अमेरिका खंडातली, तीही पोर्तुगीजांच्याच हातून आलेली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिंग अफगाणिस्तान-इराणकडचा, आपल्या देशात हिंगाचं रोप मुद्दाम लावायला हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये २०२०च्या ऑक्टोबरात सुरुवात झाली. निखळ देशी म्हणावं असं तिच्यात हळद आणि किनाऱ्यावरचा नारळ. आणि मीठ. मिठाकडे मी नंतर येतो, कारण या समीक्षेचा सगळा मुद्दाच मीठ हा आहे.

प्रत्येक कलाकृतीचा एक प्राण असतो म्हणतात. कोबीच्या कोशिंबिरीचा प्राण कुठला? चव म्हणाल तर कच्च्या कोबीला स्वतःची म्हणावी अशी फार चव नाही. थोडा गोडसरपणा आणि मागून मोहरीसारखा किंचित झणका. हा झणका चिरल्यावरच येतो. सबंध कोबी गरीब असतो. सुरी लागली की त्याच्या पेशी फुटतात, आतले दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांना भेटतात आणि त्यातून ते तिखट द्रव्य तयार होतं. मोहरी कोबीची सख्खी चुलत बहीण आहे, ते अशा वेळी कळतं. पण हे सगळं दुय्यम. कोबीच्या कोशिंबिरीचा प्राण म्हणजे तिचा करकरीतपणा.

मराठी भाषा इथे फार नेमकी आहे. चकली कुरकुरीत असते, पापड खुसखुशीत किंवा कुरकुरीत असतो. त्यांचा आवाज कोरडा. करकरीतपणा ओल्या वस्तूचा. काकडी करकरीत, कैरी करकरीत, कोबी करकरीत. तिच्या आत पाणी असतं आणि ते दाताखाली फुटतं. या नियमाला मला माहीत असलेला एकच अपवाद म्हणजे कोऱ्या करकरीत नोटा. रिझर्व्ह बँकेने १९९९ साली स्वच्छ नोटांचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून मळक्या नोटा बाजूला काढून परत पाठवायच्या आणि लोकांना चांगल्या द्यायच्या, असा दंडक आहे. मला नेहमी वाटतं की मंगल कार्यालयांतल्या कोशिंबिरीलाही असा एक दंडक हवा होता. तिथली कोबीची कोशिंबीर म्हणजे दहा हातांतून फिरलेली, घामाने मऊ झालेली, चार घड्या पडलेली नोट. सकाळी सातला चिरलेली, आठला मीठ-साखर घातलेली आणि दुपारी एकला वाढलेली. चमच्यातून पानात पडताना ती आवाज करत नाही, ओघळते. मग ती आमटीकडे सरकते, आमटी तिला ओळख देत नाही आणि शेवटी दोघी मिळून जिलबीकडे जातात.

हॉटेलातली तऱ्हा दुसरी. तिथे 'ग्रीन सॅलड' मागवलं की कोबीची जाड पानं बशीच्या तळाशी अंथरलेली असतात आणि त्यांवर कांद्याच्या चकत्या मांडलेल्या. तो कोबी खायचा नसतो. नाटकातल्या मागच्या पडद्यावर जसा राजवाडा रंगवलेला असतो, तसा तो असतो. गोऱ्या लोकांचं कोलस्लॉ मी खाऊन बघितलं आहे. हे नाव डच भाषेतून आलं, त्याचा अर्थच मुळी 'कोबीचं सॅलड'. त्यात ते लोक अंड्याचं आणि तेलाचं घट्ट मेयोनेज घालतात. पदार्थ वाईट नाही, पण करकरीतपणाला एवढी जाड रजई पांघरायची तर मग तो हवा कशाला? खरं सांगायचं तर कोबीशी अत्यंत इमानाने वागणारा माणूस मला रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीवर भेटला. त्याच्या सॉसबद्दल आणि रंगाबद्दल मी काही बोलणार नाही. पण तो पोरगा कोबी चिरतो काय आणि मोठ्या आचेवर मिनिटाभरात परततो काय! तुम्ही मागितल्याशिवाय तो कोबीला हात लावत नाही. आणि म्हणून त्याच्या त्या लालभडक प्रकरणातही कोबी दाताखाली वाजतो.

आता तंत्राकडे वळू. कोबीच्या शंभर भागांत सुमारे ब्याण्णव भाग पाणी असतं. म्हणजे अर्धा किलोचा गड्डा घेतला तर आपण चाळीसेक ग्रॅम कोबी आणि बाकी पाणीच विकत घेतो. पण ते पाणी पेशींच्या पिशव्यांत गच्च भरलेलं असतं, म्हणून तो ताठ उभा राहतो. तुम्ही त्यावर मीठ घातलंत की मीठ बाहेरून ते पाणी ओढायला लागतं. पिशव्या रिकाम्या होतात, भिंती लोळतात आणि भांड्याच्या तळाशी तळं साचतं. साखरही तेच करते, जरा सभ्यपणे. लोणच्यात आपल्याला हेच हवं असतं. जर्मन लोक कोबीला मीठ लावून आंबवतात, कोरियातले लोक किमची करतात, तिथेही हेच हवं असतं. कॅप्टन कुकने १७६८च्या सफरीत असला आंबवलेला कोबी जहाजावर नेला होता, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. खलाशी तोंड लावेनात. तेव्हा त्याने तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशांनीही मागायला सुरुवात केली. हेडऑफिसची जेवणं जवळून पाहिलेल्या माणसाला या हकिगतीचं नवल वाटणार नाही. पण तो मुरवण्याचा मामला झाला. आपल्या कोशिंबिरीला मुरायचं नाही, वाजायचं आहे.

म्हणून चांगली कोशिंबीर करणारी बाई मिठाच्या आधीची सगळी कामं आधी उरकते. गड्डा घेताना हातात तोलून जड बघायचा, दाबल्यावर कचकन आवाज आला पाहिजे. थंडीतला गड्डा उत्तम. सहा-सात माणसांना मध्यम गड्ड्याचा अर्धा भाग पुरतो. धारदार विळीवर किंवा सुरीने केसासारखा चिरायचा. किसणीवर किसू नये, कारण किसणी कापत नाही, फाडते, आणि फाटलेला कोबी मिठाची वाटसुद्धा न बघता रडायला लागतो. चिरलेला कोबी दहा-पंधरा मिनिटं गार पाण्यात, मग निथळून स्वच्छ पंचावर पसरून कोरडा. दोन हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर. चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी, पण ती गार करून. चरचरीत फोडणी ओतली की वरचा थर तिथेच मान टाकतो. फोडणीचं तेल आधी चोळलं तर मिठाचा हल्ला थोडा उशिरा पोचतो, हे ध्यानात ठेवावं. दाण्याचं कूट दोन चमचे. कूट सुटलेलं पाणी पिऊन घेतं. बुडीत कर्जासाठी आम्ही आधीच तरतूद करून ठेवतो, ते हेच. मग अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा साखर आणि मीठ. एवढंच. पंधरा मिनिटांचं काम. यात चुकण्यासारखी जागा एकच आहे, ती म्हणजे शेवटची.

आणि नेमक्या त्या शेवटच्या जागी आपलं पाकशास्त्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं.

मराठीत पाककृतींची पुस्तकं कमी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं, हजार पाकक्रियांचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने नव्या संसारांचं तारू किनाऱ्याला लावलं. मंगला बर्व्यांची 'अन्नपूर्णा' अनेक घरांत पोथीच्या शेजारी असते. या बायकांचे उपकार मी मानतो. माझ्या पोटाची वाढ हा त्याचा पुरावा आहे. माझं भांडण पुस्तकांशी नाही, पाककृतींच्या एकंदर भाषेशी आहे. पुस्तक घ्या, मासिकातलं सदर घ्या, पुरवणी घ्या, मिठापाशी आलं की दोनच शब्दप्रयोग भेटतात. पहिला 'चवीपुरतं मीठ'. तो मी माफ करतो, कारण माणसामाणसाची चव वेगळी. दुसरा 'आयत्या वेळी मीठ घालावे'. हा मात्र मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे.

आयत्या वेळी म्हणजे कोणाच्या आयत्या वेळी? हा प्रश्न कुणी विचारत नाही. आयतं या शब्दाचा अर्थच असा की ज्याला काही करावं लागलं नाही त्याच्या पुढ्यात आलेलं. म्हणजे जो येऊन पाटावर बसला त्याची ती आयती वेळ. जिने चिरलं, निथळलं, कालवलं, वाढलं, तिची आयती वेळ कधी येते? ती पंगत उठल्यावर, तासाभराने. आणि कोशिंबिरीचं शास्त्र असं आहे की तासाभराने तिच्यात खायला काही राहत नाही. भाजी गरम करता येते. आमटीला उकळी आणता येते, उलट दुसऱ्या वेळेला ती जास्त मुरते. भाताला वाफ देता येते. कोशिंबीर मात्र मागे फिरत नाही. म्हणून मला वाटतं, कोबीची करकरीत कोशिंबीर हा पदार्थ आपल्याकडे अनेक पिढ्या फक्त निम्म्या लोकांनी खाल्ला. उरलेल्या निम्म्यांनी तो केला.

हे मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. चिरनेरला माझ्या आत्याच्या घरी ऐकलं.

चिरनेर म्हणजे पनवेलहून उरणच्या बाजूला गेलं की लागणारं, उरण तालुक्यातलं गाव. महागणपतीचं देऊळ आहे, डोंगर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या माणसांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं हुतात्मा झाली. त्याच वर्षी एप्रिलात दांडीला गांधीजींनी मीठ उचललं होतं. उरणच्या बाजूला मिठागरं पूर्वापार, तेव्हा मिठाचा कायदा म्हणजे काय हे या मुलखाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. पण माझ्या आत्याने पुढे या गावातल्या एका घरात जो मिठाचा कायदा केला तो सरकारचा कायदा मोडणाऱ्यांच्या नातवंडांनाही मोडता आला नाही.

कायदा असा : घरातली सगळी माणसं पानावर बसल्याशिवाय कोशिंबिरीत मीठ पडणार नाही.

आमच्या घरांत कोशिंबिरीचं काय कौतुक, असं वाचकांना वाटेल. आगऱ्याच्या ताटात मासळी आणि तांदळाची भाकरी असली की शेजारी कांदा फोडला म्हणजे झालं. खरं आहे. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या आणि सबंध श्रावण एवढे दिवस मासळीवाचून काढायचे असतात आणि त्या दिवशी दाताला काहीतरी काम लागतं. आत्याची कोबीची कोशिंबीर त्या कामासाठी आहे. तिच्या विळीला मी हातचं राखून दाद देणार नाही. ती चिरते तो कोबी सुईच्या नेढ्यातून जाईल. खोबरं भरपूर, मिरची मिठागरासारखी सढळ हाताने, साखर नाही. साखरेचं नाव काढलं तर ती म्हणते, "कोशिंबीर हाय का शिरा?" माझ्या मते चिमूटभर साखरेने तिचं काही बिघडलं नसतं, पण समीक्षकाने कलावंताला साहित्य पुरवू नये.

सगळं कालवून परात मध्ये ठेवलेली असते. शेजारी जाड्या मिठाची वाटी. आणि आत्या मोजते. "सगली बसली का?" न्हाणीघरातला आला का, फोनवरचा आला का, स्वयंपाकघरातल्या दोघी आल्या का? या शेवटच्या प्रश्नावर तिचा आवाज चढतो. सुना "तुम्ही सुरू करा, आम्ही बसतोच" म्हणाल्या की ती वाटीवर हात ठेवते. "तुमी बसा आधी. मीठ काय पलून नाय जात." मग दोघी येतात, बसतात, आणि वाटीवरचा हात उठतो. पुढची दहा मिनिटं त्या घरात फक्त चावण्याचा आवाज येतो. समीक्षक म्हणून सांगतो, मी खाल्लेली ती सर्वोत्कृष्ट कोबीची कोशिंबीर आहे. तिच्यात विशेष काही नाही. फक्त ती सगळ्यांच्या पानात एकाच वयाची असते.

या कायद्याला पहिला धक्का दिला धाकट्या सुनेने. बिचारी बेलापूरला नोकरीला. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल सुरू झाली म्हणून तिचा एक तास वाचला खरा, पण स्टेशनवर उतरून रिक्षा करून ती सव्वाआठला घरी पोचते तेव्हा तिच्या पोटात कावळे ओरडत असतात. थोरला दीर बंदराकडच्या कंटेनर यार्डात. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून या पट्ट्यातल्या घरांची घड्याळं पाळ्यांवर चालतात आणि पाळी सुटली तरी रस्त्यावरचे ट्रेलर सुटतातच असं नाही. तो कधी नऊला येतो, कधी दहाला. तोवर परातीत कोबी, वाटीत मीठ आणि सगळे भिंतीकडे बघत.

एका गुरुवारी सून म्हणाली, "आई, मीठ कोशिंबिरीत घालायचंच कशाला? पानात वाढतोच की आपण. ज्याने त्याने आपापलं घ्यावं आणि कालवावं. कुणी कधीही जेवा, कोबी करकरीतच राहील."

या सूचनेची समीक्षकाने दखल घेतली पाहिजे, कारण तांत्रिकदृष्ट्या तिच्यात खोट नाही. उलट ती परंपरेला धरून आहे. पानात सर्वांत आधी काय वाढतात? मीठ. मधोमध वाढतात, डावीकडचंही त्याच्याकडे येऊ शकतं आणि उजवीकडचंही. 'चवीपुरतं' या शब्दाचा खरा अर्थ त्या सोयीत आहे. पुस्तकवाल्यांना दीडशे वर्षांत जे सुटलं नाही ते या मुलीने एका वाक्यात सोडवलं.

आत्याचा आक्षेप आधी कलात्मक होता. वरून घेतलेलं मीठ एका घासात खारट आणि तीन घासांत नाहीसं. कालवणं हे हाताचं काम आहे, ते चमच्याने शिंपडून होत नाही. यात तथ्य आहे आणि मी मान डोलावली. पण मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मी लगीन होऊन आली तवा या घरात अठरा माणसा. तीन पंगती. आधी पोरा, मंग बाप्ये, मंग आमी. कोशिंबीर एकदाच कालवायची, पोरांच्या येलेला. आमच्यापर्यंत यायची तवा निसता पानी. आमी ती खात नव्हतो, प्यायचो." सगळे हसले. तीही हसली. "मंग मी घरात मोठी झाली तवा ठरवला. सगली बसतील तवाच मीठ."

म्हणजे पन्नास-एक वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याचा हा कायदा आहे. घरातल्या बायका पहिल्या पंगतीला बसाव्यात म्हणून तिने भाषण केलं नाही, कुणाशी भांडली नाही. एक वाटी ताब्यात घेतली. तिच्या पिढीच्या बाईला घरात दुसरी कुठली सत्ता मिळणं कठीण होतं. तिजोरीच्या किल्ल्या सासऱ्याकडे, जमीन नवऱ्याच्या नावावर. मीठ मात्र तिच्याकडे होतं.

आणि तरीही सुनेचं म्हणणं उरतंच. कारण आता थांबतं कोण, ते बघा. तीन पंगती गेल्या, एक आली, पण त्या एका पंगतीची वेळ सर्वांत उशिरा येणाऱ्याच्या हातात गेली. तो येतो पुरुष आणि सव्वाआठपासून पाणी पिऊन वाट बघतात त्या घरातल्या बायका. ज्यांच्यासाठी कायदा केला त्याच पुन्हा उपाशी. कलमाचा हेतू एक आणि अंमलबजावणी दुसरी, हे आम्ही बँकेत परिपत्रकांच्या बाबतीत रोज बघतो, पण तिथे निदान कुणाला भूक लागत नाही. दोन्ही कृतींत निवड करायची तर चवीच्या मुद्द्यावर मी आत्याच्या बाजूने आहे. बाकी सर्व मुद्द्यांवर सून बरोबर आहे. मी दोघींच्या मध्ये बसलो होतो आणि थोरला अजून ट्रेलरच्या मागे होता, म्हणून मी हे मत तेव्हाच मोठ्याने सांगून टाकलं.

आत्या काही बोलली नाही. घड्याळाकडे बघितलं. पावणेनऊ झाले होते. तिने परातीतला दोन मुठी कोबी उचलून एका स्टीलच्या डब्यात भरला, वर खोबरं, मिरची, कोथिंबीर. डबा बंद. मग उरलेल्या परातीत मीठ घातलं, लिंबू पिळलं, दोन्ही हातांनी कालवलं आणि पहिली मूठ धाकट्या सुनेच्या ताटात टाकली. "खा. उद्यापासून साडेआठला मीठ. जो असंल तो बसंल." आमच्याकडे क्लिअरिंगचे चेक घेण्याची वेळ संपल्याची पाटी लागायची, तिचा दराराही यापेक्षा कमीच असे.

थोरला त्या रात्री दहाला आला. बायको वाढायला उठायला लागली, तर आत्याने तिला खुणेनेच बसवलं आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. डब्यावर कागदाची एक पुडी होती. पुडीत मीठ. कागद आमच्या बँकेच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा. दर डिसेंबरात मी त्यांच्याकडे एक कॅलेंडर पोचवतो आणि त्याची पानं पुढे वर्षभर उपयोगाला येतात. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने आधी पुडी उलगडून तीवरची तारीख वाचली, मग आईकडे बघितलं, मग डब्याकडे. शेवटी बाह्या सावरून आयुष्यातली पहिली कोशिंबीर कालवायला घेतली. लिंबाच्या बिया तशाच, मीठ सगळं एकदम. मी एक घास मागून घेतला. खारट होती. पण वाजत होती.

पुढच्या सोमवारी रात्रपाळीला निघताना तो दारातूनच ओरडून सांगून गेला म्हणे, की माझ्या डब्यात मिरची जरा जास्त टाका आणि लिंबू वेगळं द्या, मी पिळीन.